रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग ठणकतंय: फायब्रोमायल्जिया आणि न सरणारा थकवा घेऊन रोज कसं निभवायचं

सगळं अंग महिनोन्‌महिने दुखतंय, रात्रभर झोपूनही सकाळी गळून गेल्यासारखं वाटतंय आणि हातात नॉर्मल रिपोर्टांची जाडजूड फाइल आहे, अशा माणसासाठी हे लिहिलंय. मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर रेंगाळणाऱ्या दुखण्याचा आजार. माझ्या आतेबहिणीला डेंग्यूनंतर लागलेला थकवा गेलाच नाही. तिच्या आजाराला एमई/सीएफएस (मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस/क्रॉनिक फटिग सिंड्रोम) म्हणतात. आम्ही दोघी नाशिकच्या; ती पंचवटीत राहते, मी इंदिरानगरला. वरून पाहिलं तर दोघींचं दुखणं एकच वाटतं, पण मला लागू पडणारा सल्ला तिला आठवडाभर अंथरुणाला खिळवू शकतो. म्हणून जिथे वाटा वेगळ्या होतात तिथे मी तसं स्पष्ट सांगितलंय.

डॉक्टर पंधरा मिनिटं भेटतात. उरलेला दिवस आपला आपण काढायचा असतो. हे सगळं त्या उरलेल्या दिवसाबद्दल आहे.

१. आधी आजाराचं नाव नक्की करून घ्या

अंग दुखतं म्हटलं की आपल्याकडे माणूस थेट हाडांच्या डॉक्टरकडे जातो. फायब्रोमायल्जियासाठी योग्य माणूस म्हणजे संधिवाततज्ज्ञ, म्हणजेच रुमॅटॉलॉजिस्ट. ते लगेच मिळत नसतील तर चांगला एमडी मेडिसिन डॉक्टर सुरुवातीला पुरतो. खासगी खर्च झेपत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केसपेपर काढून मेडिसिन ओपीडीला दाखवा.

रक्ताची एकही चाचणी फायब्रोमायल्जिया सिद्ध करत नाही. तरीही चाचण्या करायच्या, कारण त्यांनी दुसरे आजार बाजूला पडतात. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, थायरॉइड, साखर, किडनी-लिव्हर, बी-१२, ड जीवनसत्त्व, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. आरए फॅक्टर आणि एएनए या संधिवाताच्या चाचण्या सरसकट करू नयेत, सांधे सुजत असतील किंवा डॉक्टरांना तशी शंका असेल तरच. मागच्या वर्षभरात चिकनगुन्या झाला असेल तर ते आवर्जून सांगा. त्यानंतरची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते आणि ती वेगळी गोष्ट आहे.

१९९० च्या निकषांत डॉक्टर अंगावरचे १८ बिंदू दाबून बघत आणि त्यातले ११ दुखले तर निदान होई. काही जण आजही तेवढंच करतात. २०१६ च्या सुधारित निकषांत बिंदू मोजत नाहीत. शरीराच्या पाच भागांपैकी किमान चार भागांत दुखणं, सोबत थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, डोक्यात धुकं साचल्यासारखं होणं, आणि हे सगळं किमान तीन महिने, असं ते बघतात. दुखणं खोटं नसतं. मांडवातल्या स्पीकरचा आवाज कुणीतरी मोठा करून ठेवावा तसं मज्जासंस्था साध्या स्पर्शालाही मोठं करून ऐकवते.

एमई/सीएफएसची खूण वेगळी आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची ताकद खूपच घटलेली असते, आणि थोडीशी मेहनत झाली की त्याची शिक्षा त्याच दिवशी नव्हे तर बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळते. मेहनत म्हणजे फक्त अंगमेहनत नाही. हिशेब करणं, वाद घालणं, तासभर फोनवर बोलणंही त्यात येतं. हे तुमच्या बाबतीत होतंय का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्हीच काढा. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात.

इथली मोठी फसगत एमआरआयची. चाळिशीनंतर बहुतेकांच्या मणक्यात काही ना काही झीज दिसते. रिपोर्टात ते आलं की ‘गादी सरकलीय’ म्हणून पट्टा, ट्रॅक्शन, इंजेक्शनं सुरू होतात, आणि मान, खांदे, मांड्या, बोटं का दुखतात हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

२. जाताना काय न्यायचं

एका फाइलमध्ये, याच क्रमाने:

- एक पान, मराठीतच चालेल: कधी सुरू झालं, त्याआधी काय घडलं (ताप, अपघात, बाळंतपण, ऑपरेशन), आत्ता सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या तीन गोष्टी
- चालू औषधांची यादी, काढे-चूर्णं आणि मेडिकलमधून स्वतःहून घेतलेल्या गोळ्यांसकट. रिकाम्या स्ट्रिप्सच नेल्या तर सोपं
- रिपोर्ट तारखेप्रमाणे, सगळ्यात नवा वर
- पंधरा दिवसांची नोंद (पुढे सांगते)
- आधी केलेल्या उपचारांत कशाने फरक पडला, कशाने नाही, दोन ओळींत
- विचारायचे तीनच प्रश्न, लिहून

सोबत घरातलं एक माणूस न्या. डोक्यातल्या धुक्यात अर्धं ऐकू येत नाही, आणि घरच्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं पुढे फार उपयोगी पडतं.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला जायचं ठरलं तर पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस आणि त्याच रात्री परत, हा बेत धडधाकट माणसाचा आहे. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा, किंवा आधी व्हिडिओवर सल्ला मिळतो का ते विचारा.

३. पंधरा दिवस लिहून काढा

साधी वही घ्या. दिवसाचे चार भाग करा. प्रत्येक भागात काय केलं, किती वेळ केलं, दुखणं आणि थकवा दहापैकी किती, रात्रीची झोप कशी. बस. ॲप वगैरे शोधत बसू नका, त्यातच दमायला होतं.

पंधरा दिवसांनी वही उलटी वाचा. वाईट दिवस शोधा आणि त्याच्या मागचे दोन दिवस बघा. बऱ्याच जणांना तिथे एक छानसा, भरपूर कामं उरकलेला दिवस सापडतो.

४. चांगल्या दिवशी थांबायला शिका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आपल्याला वाईट दिवस पाडत नाही, चांगला दिवस पाडतो. सकाळी उठलं, अंग जरा हलकं वाटलं, की राहिलेलं सगळं आठवतं. माळा आवरायचाय, रविवार कारंजावर जाऊन यायचंय, मावशींना भेटायचंय. संध्याकाळपर्यंत सगळं होतं आणि पुढचे चार दिवस जातात. मग अपराधी वाटतं, जरा बरं वाटलं की पुन्हा तेच.

हे तोडायचं कसं? वहीत बघा: मधल्या, म्हणजे ना फार चांगल्या ना फार वाईट दिवशी, कुठलं काम किती वेळ केल्यावर दुसऱ्या दिवशी भोगावं लागत नाही. समजा, ओट्याशी उभं राहणं वीस मिनिटं झेपतं. मग तुमची मर्यादा पंधरा. वाईट दिवशी त्याहून कमी, पण चांगल्या दिवशीही पंधराच. फोनवर गजर लावा आणि वाजला की हातातलं काम तिथेच सोडा, भाजी अर्धी चिरलेली असली तरी. दुखायला लागल्यावर थांबण्यात अर्थ नाही, तोवर उशीर झालेला असतो. विश्रांती म्हणजे आडवं होऊन डोळे मिटणं. मोबाइल बघत सोफ्यावर बसणं ही विश्रांती नव्हे. माझा मेंदू तरी तेवढ्यात शांत होत नाही.

एकाच जातीची कामं पाठोपाठ घेऊ नका. कपडे वाळत घातले की लगेच भांडी लावायला जाऊ नका, दोन्हींत हात आणि खांदे लागतात. मध्ये बसून करायचं काहीतरी घ्या. आणि ज्या गोष्टी आपण ‘काम’ म्हणून मोजतच नाही त्या मोजा: अंघोळ, रांगेत उभं राहणं, द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवणं, पाहुण्यांशी हसून बोलणं.

सणांचं वेळापत्रक इथे सगळ्यात मोठा सापळा आहे. घटस्थापनेच्या आधी अख्खं घर धुऊन काढायचं, गोधड्या गोदाघाटावर नेऊन आपटायच्या, मग लगेच दिवाळीचा फराळ. गोधड्या लाँड्रीत द्या. साफसफाई श्रावणापासून एकेक कप्पा करत घ्या, किंवा यंदा देवघर आणि स्वयंपाकघर एवढंच. फराळातला एकच पदार्थ घरी, बाकी विकत; नाशिकमध्ये चिवडा चांगला मिळत नाही असं कुणी म्हणणार नाही. लॉन्सवरचं लग्न असेल तर मुहूर्त किंवा जेवण यांतलं एक निवडा, आणि आदला-नंतरचा दिवस मोकळा ठेवा. देवदर्शनाचंही तसंच. सप्तशृंगीला पायऱ्या चढायचा हट्ट सोडा, २०१८ पासून तिथे ट्रॉली आहे.

५. घरकामातल्या सोप्या युक्त्या

- ओट्याशी उंच स्टूल. निवडणं, चिरणं, सोलणं सगळं बसून.
- पाच लिटरचा भरलेला कुकर एका हाताने उचलू नका. तीन लिटरचे दोन बरे. बिडाचा तवा, जाड लोखंडी कढई माळ्यावर.
- कणीक मळायला दुसऱ्या कुणाला सांगा किंवा पोळ्यांना बाई लावा. ही चैन नाही, औषधाइतकंच गरजेचं आहे. भाकरी थापायची हौस आठवड्यातून एखादवेळी.
- माठ हंड्याने नव्हे, तांब्याने भरा.
- अंघोळीला दोन स्टुलं: एकावर तुम्ही, एकावर बादली. वाकून वाकून तांब्या भरण्यात पाठीचा जीव जातो. अंघोळीने फार दमायला होत असेल तर ती संध्याकाळी, बाहेर पडायच्या आधी नाही.
- कपडे हाताने पिळू नका. दळण घरपोच मागवा.

खाण्यात चमत्कार शोधू नका. फायब्रोमायल्जिया बरा करणारा कुठलाही आहार नाही. वेळेवर जेवणं आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही किंवा अंडं असणं एवढं पुष्कळ. कडक उपासांनी थकवा वाढतो. नवरात्रात नऊ दिवसांऐवजी उठता-बसता उपास धरा, देवीला चालतो.

६. हालचाल: इथे दोन वाटा

फक्त फायब्रोमायल्जिया असेल तर व्यायाम हवाच. औषधांपेक्षाही त्याचा पुरावा भक्कम आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने सुधारित शिफारशी केल्या तेव्हा ठाम शिफारस केली ती एकट्या व्यायामाची. पण सुरुवात इतकी लहान हवी की लाज वाटावी. सपाट जागेवर पाच मिनिटं चालणं. आठवडाभर तेवढंच. त्रास वाढला नाही तर पुढच्या आठवड्यात मिनिटभर जास्त. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर ही सोय चांगली आहे, कारण थकलात तर बाहेर पडायचं फाटक फार लांब नसतं. तिथे भराभर चालणारे काका-काकू मागून पुढे जातील. जाऊ द्या. पांडवलेणीच्या पायऱ्या आणि ब्रह्मगिरी सध्या नकोत. हलका योग, कोमट पाण्यातला व्यायाम यांचाही उपयोग होतो. पोहायला जात असाल तर डिसेंबर-जानेवारीतलं तलावाचं पाणी मात्र अंग आखडवतं. पहिले दोन-तीन आठवडे दुखणं थोडं वाढू शकतं. फरक दिसायला काही महिने लागतात.

एमई/सीएफएस असेल, किंवा मेहनतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळायला होत असेल, तर वरचा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. दर आठवड्याला व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. त्यांनी भर दिला तो आपल्या मर्यादेच्या आत राहण्यावर. माझ्या आतेबहिणीचं चालणं म्हणजे घरातल्या घरात, आणि गेले कित्येक महिने तिने त्यात मिनिटाचीही भर घातलेली नाही. तरी तिचे कोसळण्याचे दिवस कमी झालेत. दोन्ही आजार असतील तर हाच नियम पाळा.

जिममधला ट्रेनर, सोसायटीतले योगप्रेमी आणि ‘घाम गाळला की सगळं जातं’ म्हणणारे दीर, या तिघांना हा फरक माहीत नसतो.

७. झोप

रोज उठायची वेळ एकच, रविवारीही. शेवटचा चहा दुपारी तीन-चारपर्यंत. दुपारी झोपलात तर अर्ध्या तासाचा गजर लावा (एमई/सीएफएसमध्ये जास्त लागू शकतं). घोरत असाल किंवा झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील तर स्लीप स्टडीबद्दल विचारा. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिन बघून घ्या. या दोन्हींवर उपचार आहेत.

८. औषधांचे खाचखळगे

फायब्रोमायल्जियात सहसा प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा रात्री कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन देतात. यांनी दुखणं उतरतं, नाहीसं होत नाही, आणि प्रत्येकाला लागू पडतातच असंही नाही. ड्युलॉक्सेटिनच्या माहितीपत्रकात ‘नैराश्य’ वाचून घाबरू नका. तेच औषध दुखण्याचे संदेश दाबायलाही वापरतात. मनाने अचानक बंद मात्र करू नका. प्रेगाबालिनने गुंगी आणि चक्कर येऊ शकते, त्यामुळे सुरुवातीचे दिवस स्कूटर बाजूला ठेवा आणि सिटीलिंकच्या बसने जा.

दोन डॉक्टरांकडे जात असाल तर स्ट्रिपवरचं कंपनीचं नाव नव्हे, बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा. ‘नसांची गोळी’ म्हणून दिलेल्या मिथाइलकोबालामिनच्या गोळीत बऱ्याचदा प्रेगाबालिन असतंच, आणि मग ते दुप्पट पोटात जातं. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि ड्युलॉक्सेटिन एकत्र घेणं धोक्याचं ठरू शकतं; दोन्ही चालू असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते ती ठरावीक आठवडेच. कोर्स संपल्यावरही वर्षभर चालू ठेवणारे लोक मी पाहिलेत, त्याने अंगात कॅल्शियम वाढतं.

आणि लेबल नसलेल्या पुड्या. ‘एका आठवड्यात वात खेचून काढतो’ अशा पुडीने खरंच आठवड्यात बरं वाटलं तर आनंदाऐवजी संशय यायला हवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड निघाल्याचे प्रकार झालेले आहेत. चेहरा सुजणं, साखर वाढणं ही त्याची पुढची पायरी.

९. घरच्यांना काय सांगायचं

‘वरून तर बरी दिसतेस!’ याला उत्तर देत बसू नका. ‘मला समजून घ्या’ असंही म्हणू नका, त्यातून समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही. काम सांगा. ‘आई, आज मी भाजी करते, पोळ्या बाहेरून आणूया.’ ‘अहो, मंगळवारी आणि शुक्रवारी भाजी तुम्ही आणायची.’ आमच्या फ्रिजवर लाल, पिवळा, हिरवा असे तीन चुंबक आहेत. सकाळी त्यातला एक मी वर लावते आणि पुढचं विचारावं लागत नाही. सासूबाईंना सुरुवातीला ते नाटक वाटलं होतं. आता लाल दिसला की त्याच कुकर लावतात.

१०. भडक्याचा दिवस

काहीही केलं तरी दुखणं-थकवा एकदम उसळण्याचा हा दिवस येतो. त्याची तयारी बऱ्या दिवशी करून ठेवा: पलंगाजवळ गरम पाण्याची पिशवी, पाणी, औषधं, चार्जर, कोरडा खाऊ, मूगडाळ-तांदूळ मोजून भरलेले डबे, म्हणजे कुणीही खिचडी टाकू शकेल, ऑफिसला पाठवायचा मेसेज आधीच लिहून ठेवलेला. त्या दिवशी कामं निम्म्याहून कमी करा. फायब्रोमायल्जियात पूर्ण झोपून राहिलात तर अंग अजून आखडतं, म्हणून तासा-दोन तासांनी पलंगातच हातपाय हलवा. एमई/सीएफएसमध्ये मात्र अंधाऱ्या, शांत खोलीत पडून राहणं हाच उपाय.

सगळंच या आजाराच्या खात्यावर घालू नका. ताप, काही न करता घटलेलं वजन, सुजलेले लाल सांधे, तासाहून जास्त टिकणारा सकाळचा ताठरपणा, हातापायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, छातीत दुखणं, यांतलं काहीही झालं तर तो भडका समजून घरी बसायचं नाही. जगणं नको वाटायला लागलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

११. नोकरी आणि कागदपत्रं

डॉक्टरांकडून ‘फायब्रोमायल्जिया आहे’ एवढंच लिहून आणलं तर एचआरला त्यातून काही कळत नाही. काय जमत नाही ते लिहून मागा: सलग अर्ध्या तासाहून जास्त उभं राहणं टाळावं, रात्रपाळी नको, दर दोन तासांनी दहा मिनिटं विश्रांती. तारीख, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक बघून घ्या. तीन प्रती काढा.

सातपूर-अंबडच्या कंपनीत असाल आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर आजारपणाचा लाभ मिळतो: पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि प्रमाणपत्र ईएसआयच्या दवाखान्याचं किंवा रुग्णालयाचं हवं. म्हणून खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले तरी तिथेही नाव-फाइल चालू ठेवा. ई-पहचान कार्ड, आधार, बँक पासबुक सोबत न्या.

महात्मा फुले जनआरोग्य योजना प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. आपला खर्च जवळजवळ सगळा ओपीडीचा, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. मेडिक्लेममध्येही ओपीडीचं कलम आहे का ते वाचून बघा. गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात घटकाचं नाव सांगून विचारा, महिन्याच्या बिलात चांगला फरक पडतो.

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल बरेच जण विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत फायब्रोमायल्जिया किंवा एमई/सीएफएस यांचं नाव नाही. ‘सिव्हिलमधून यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून देतो, फक्त आधार आणि फोटो द्या’ म्हणणारा एजंट भेटला तर त्याला पैसे देऊ नका, आणि आधारची प्रतही देऊ नका.